एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्याचं तेज का बदलतं? साध्या डोळ्यांनी ते कळतं का?

तेज बदलतं ते ताऱ्यावरच्या डागांमुळे, पण बदल इतका बारीक असतो की साध्या डोळ्यांना तो कळत नाही. हा नारिंगी बटू तारा १०.५ प्रकाशवर्षांवर आहे. वस्तुमान सूर्याच्या ०.८२ पट, पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,१०० केल्विन. तारा तरुण असल्याने वेगात फिरतो: सूर्याला एका फेरीला साधारण २५ दिवस लागतात, याला ११. वेगवान परिवलनामुळे चुंबकीय क्षेत्र जोरदार होतं, त्यातून मोठे थंड डाग तयार होतात, आणि डागांची बाजू आपल्याकडे वळली की प्रकाश किंचित उतरतो. अशा ताऱ्यांना बीवाय ड्रॅकोनिस प्रकारचे चल तारे म्हणतात. या चुंबकीय घडामोडींचा सर्वांत खात्रीचा पुरावा मला वर्णपटातला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागून मिळणाऱ्या पट्ट्यातला, वाटतो. चुंबकीय जोर दाखवणाऱ्या, आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कॅल्शियमच्या एच आणि के नावाच्या रेषांची तीव्रता सुमारे तीन वर्षांच्या चक्रात वरखाली होते, सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रासारखीच. वय मात्र नेमकं सांगता येत नाही. बहुतेक अंदाज ४० ते ८० कोटी वर्षांचे आहेत. तारा स्वतः ३.७ प्रतीचा (प्रत हे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे अंधाऱ्या आकाशात मृग नक्षत्रातल्या रायजेल या तेजस्वी ताऱ्याच्या पश्चिमेला सहज दिसतो.