तुतीच्या पानांची पूड वापरू लागण्यापूर्वी

पांढऱ्या तुतीच्या पानांची पूड आपण प्रथमच घेणार आहात, म्हणून आधी तिचे काम समजून घ्यावे. या पानांतील डीएनजे नावाचा घटक आतड्यातील पिष्टमय पदार्थ व साखर फोडणाऱ्या विकरांना अडवतो, त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर सावकाश चढते. साहजिकच पूड भात-पोळीच्या जेवणाआधी घेण्यात अर्थ आहे, रात्री झोपताना नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण दोन्हींच्या एकत्रित परिणामाने साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी ती टाळावी. सुरुवात पाव चमच्याने करावी. पोट फुगणे किंवा जुलाब झाल्यास थांबावे.

राज्याचे रेशीम संचालनालय नागपुरातच आहे आणि विदर्भात तुतीची लागवडही होते, त्यामुळे ताजी पाने मिळवणे कठीण नाही. पण शेवटची फवारणी कधी झाली, हे शेतकऱ्याला अवश्य विचारावे. पाने धुऊन सावलीतच वाळवावीत. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ती लवकर वाळतात खरी, पण रंग उडतो (माझी पहिली खेप अशीच गवतासारखी पिवळी पडली होती). पूड घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावी, विशेषतः पावसाळ्यात.