लिंगभाव, लिंग आणि पतंजलीची खाट

प्रश्न असा आहे: ‘लिंग’ हा शब्द असताना ‘जेंडर’साठी वेगळा ‘लिंगभाव’ कशाला, आणि तृतीयपंथी व्यक्तीला ‘नपुंसकलिंगी’ म्हटलं तर काय चुकलं?

दुसरं आधी, कारण ते ऐकून कान किटले आहेत. नपुंसकलिंग नामाला असतं, माणसाला नव्हे. ‘ते मूल’ म्हटल्यानं मुलीचं मुलगीपण जात नाही. विषय संपला.

आता मजेचं. संस्कृतात लिंग म्हणजे मुळात खूण. नैयायिकांच्या, म्हणजे तर्कशास्त्र्यांच्या लेखी धूर हे अग्नीचं लिंग. अवयव हा त्यातलाच एक अर्थ, पण आपल्याकडे तोच बोकाळला. महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या भाष्यात, एक व्याख्या येते: स्तन आणि केस ती स्त्री, अंगावर लव तो पुरुष, दोन्ही नाही ते नपुंसक. पतंजली तिच्यावर लगेच शंका घेतो. खट्वा, म्हणजे खाट, स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी. मग ही चिन्हं त्यांच्यात कुठे आहेत? एकच किनारा तटः, तटी आणि तटम्. बायकोच्या बाबतीत तर कहर आहे: भार्या स्त्रीलिंगी, दार पुल्लिंगी, कलत्र नपुंसक! शेवटी भाष्यात सांगितलं आहे की लिंग शिकवायला नको, ते लोकाश्रित आहे, म्हणजे लोकांच्या वापरावरून ठरतं.

हे शब्दांबद्दल आहे, माणसांबद्दल नाही, हे मान्य. तरी माझं मत असं की शरीरावरची खूण आणि लोकांनी पाडलेला वर्ग यांची फारकत आपल्या वैयाकरणांना केव्हाच उमगली होती. ‘लिंगभाव हे परदेशी खूळ’ म्हणणाऱ्या विद्वानांनी भाष्य उघडावं. आणि ‘आमच्याकडे तृतीया प्रकृती, म्हणजे तिसरा वर्ग, होतीच’ म्हणून मिरवणाऱ्यांनी अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश: तिथे ती शण्ढ, क्लीब आणि नपुंसक यांच्याच ओळीत कोंबली आहे. नुसता तिसरा कप्पा असणं म्हणजे समज असणं नव्हे. कप्पेच मोजायचे तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचे बुगी लोक पाच मानतात: स्त्री, पुरुष, चलालाई (स्त्रीदेहाची पण पुरुषासारखी वावरणारी), चलाबाई (पुरुषदेहाची पण स्त्रीसारखी वावरणारी) आणि बिस्सू (दोन्हींचा मेळ मानले जाणारे पुरोहित).

‘लिंगभाव’ऐवजी ‘लिंगत्व’ सुचवणारेही आहेत. ‘त्व’ लावला की गोष्ट दगडासारखी ठाम होते. ‘भाव’ भू धातूचा, त्यात असणंही आहे आणि होणंही. मला तो म्हणूनच आवडतो.

हां, पहिला प्रश्न. शरीराचं ते लिंग, समाजानं त्यावर रचलेला तो लिंगभाव, आणि स्वतःला स्वतःची पटलेली ती लिंगओळख. ट्रान्स स्त्रीला ‘ती’ म्हणा. आदरार्थी म्हणायचं तर ‘त्या’, आणि ‘ते’ फक्त तिला चालत असेल तर.