स्वालबार्डला फिल्डला निघालायस? आधी होडीचं बघ, दगड नंतर

तू विचारलंयस की दादा, नॉर्वेत ट्रॉम्सोला पीएचडीची जागा मिळालीय, जानेवारीत जॉईन व्हायचंय आणि पुढच्या जुलैत स्वालबार्डच्या (नॉर्वेची उत्तर ध्रुवाकडची बेटं) डोंगरात डोलेराइटवर (बेसाल्टसारखाच, पण जमिनीखाली थिजलेला काळा दगड) फिल्ड आहे, तर तयारी काय करू. चिपळूणचा आहेस म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी आत्ता गणपतीला देवगडला आलोय, पाऊस धो धो लागलाय, लाईट येतेय-जातेय, त्यामुळे तुकड्यातुकड्यात लिहिलंय, सांभाळून घे.

पहिल्या सीझनला मी सुपरवायझरला १४ लोकॅलिटींचा, म्हणजे दगड बघायच्या ठिकाणांचा प्लॅन दाखवला होता, तीन आठवड्यांत. तो नुसता हसला. प्रत्यक्षात झाल्या ५. आम्हाला झोडिॲकने, म्हणजे फुगवायच्या रबरी बोटीने किनाऱ्यावर सोडायचं होतं, आणि चार दिवस लाट फुटायची थांबेना, मग दोन दिवस असं धुकं की तंबूतून बाहेर ठेवलेली सॅक दिसत नव्हती. उघड्या किनाऱ्यावर लाटेत कुणी बोट लावत नाही हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं खरं तर, आमच्याकडे दर्याला नारळ पडल्याशिवाय कोण होडी लोटतं? पण पीएचडीचा उत्साह. तर तू ५-६ ठिकाणंच ठेव, त्यातली दोन एकाच तळावरून चालत होतील अशी, आणि बोटवाल्याशी बोलताना न्यायचा दिवस ठरवतोस तसाच आणायचा दिवस लांबला तर काय, हेही ठरव. जेवण आणि इंधन चार-पाच दिवसांचं जास्तच ठेव.

सीझन जुलै-ऑगस्टच. मार्च-एप्रिलमध्ये स्नोस्कूटरने कुठेही जाता येतं, पण दगड बर्फाखाली, फक्त उभे कडे दिसतात. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, आणि यात एक गंमत आहे, माणूस रात्री दोनपर्यंत काम करत बसतो आणि तिसऱ्या दिवशी चुका करायला लागतो. घड्याळ लावून झोप.

आता कंपास, कारण हे कुणीच सांगत नाही. इथला ब्रंटन, म्हणजे आपला भूगर्भवाल्यांचा कंपास, तसाच घेऊन जाऊ नको. कोकणात चुंबकीय क्षेत्र जमिनीशी थोडंच कललेलं असतं, तिकडे ८० अंशांच्या वर, म्हणजे जवळजवळ उभं. सुईचं एक टोक खाली ओढलं जातं आणि काचेला नाहीतर तळाला घासतं, सुई फिरतच नाही, आणि तुला वाटतं रीडिंग स्थिर आलंय! माझी पहिल्या दोन दिवसांची सगळी स्ट्राइक (थराची दिशा) त्यात गेली. सुईवर तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं असतं ते सरकवून तोल साधायचा, किंवा तिकडच्या झोनसाठी तोल साधलेला कंपासच घ्यायचा. डेक्लिनेशन, म्हणजे कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, इथे शून्याच्या आसपास म्हणून आपण ते विसरूनच जातो, तिकडे ते लावावंच लागतं, त्या वर्षीचा आकडा बघून. वर डोलेराइट स्वतःच मॅग्नेटिक, त्यामुळे दगडावर कंपास टेकवायचा नाही, हे मात्र सह्याद्रीच्या बेसाल्टवर काम केलंयस तर तुला माहीतच असेल.

दगडाचं म्हणशील तर तुला घरच्यासारखं वाटेल. आपला काळा फत्तर साधारण ६.६ कोटी वर्षांचा, तिकडचे डोलेराइटचे सिल (थरांच्या मधे घुसून थिजलेले पट्टे) साधारण १२.५ कोटींचे, पण तेच खांब-खांब तुटणं, तोच तांबूस गंज. फरक एवढाच की आपल्याकडे जांभा आणि झाडोरा, म्हणून आपण रस्त्याचं कटिंग नाहीतर चिऱ्याची खाण शोधत फिरतो, आणि तिकडे झाड नाही, पाच किलोमीटरवरून सिल दिसतो. पण त्यानेच फसायला होतं. झाड-घर काही नाही म्हणून अंतराचा अंदाज येत नाही, "हा बघ इथेच" म्हणून निघालेला डोंगर चार तास जवळ येत नाही. आणि पायथ्याला सगळी घसरडी दगडगोटी, बर्फाने फोडून खाली आणलेली, त्यावर डिप, म्हणजे थराचा उतार, मोजू नको. सॅम्पल मुठीएवढंच घे, तरी किलोभर भरतं, ४० सॅम्पल म्हणजे ४० किलो, ते तुझ्याच पाठीवर.

अस्वलाचा विषय टाळता येत नाही. वस्तीबाहेर अस्वल पळवून लावायचं साधन कायद्याने जवळ हवंच, म्हणजे फ्लेअर गन, आणि रायफल ठेवायला सांगतात, ३०८ किंवा ३०-०६ कॅलिबरची. रायफल भाड्याने मिळते पण सिसेलमेस्टर म्हणजे तिथल्या गव्हर्नरकडून परवाना लागतो. नेमबाजीचा कोर्स आधी करून घे. तंबूभोवती ट्रिपवायर (अस्वलाचा धक्का लागला की आवाज करणारी तार) आणि रात्री आळीपाळीने पहारा. याच कारणाने आईने बांधून दिलेलं सुकट तंबूत अजिबात नको! मी नेलं होतं पहिल्यांदा, सेफ्टीवाल्याने पिशवी उघडली आणि लगेच बंद केली. कुळथाचं पीठ ने. पाणी, आमसूल, मीठ, पाच मिनिटं स्टोव्हवर, मायनस दोनमध्ये त्या पिठीला तोड नाही. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, लाँगइयरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावात घे.

कागदपत्रं पटकन सांगतो. प्रोजेक्ट 'रिस' (रिसर्च इन स्वालबार्ड) या पोर्टलवर नोंदवून तिथूनच गव्हर्नरकडे अर्ज, हे हिवाळ्यातच कर, नॅशनल पार्कमध्ये सॅम्पलिंग असेल तर आणखी आधी. लांब जाणार असशील तर शोध-बचावाचा विमा. १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या (युरोपातल्या एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या) बाहेर आहे, म्हणून ट्रॉम्सोहून जातानाही पासपोर्ट दाखवावा लागतो. नुसतं रेसिडेन्स कार्ड घेऊन निघू नको.

सॅटेलाइट फोन इरिडियमचाच घे, थुरायाचे उपग्रह विषुववृत्तावर, तिकडे पोचत नाहीत. आणि सुट्टीला येताना तो तिकडेच ठेवून ये. भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरून घरी जायच्याऐवजी चौकीत बसशील.

बूट घेतलेस की मॉडेल कळव. चिपळूणच्या चिखलात महिनाभर घालून फीर, टाच तिथेच लागू दे.