मुलीला जर्मन शिकायचंय. इंजिनिअरिंगसाठी साठवलेल्या १४ लाखांचं काय करू?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीत कमी पडली. यजमान भोसरीत वर्कशॉपला आहेत. ते म्हणतात मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला घालू, चार वर्षांचे १२ लाख होतील. तिला मात्र बीए जर्मन करायचंय. दहावीपर्यंत शाळेत जर्मन होतं, ९६ मार्क होते. बीएची तीन वर्षांची फी लाखाच्या आत आहे. मग यजमानांचं म्हणणं, तसं असेल तर उरलेल्या पैशांतून गृहकर्ज फेडून मोकळे होऊ. जवळ ८ लाखांची एफडी, ६ लाख म्युच्युअल फंडात (सगळे इक्विटीत), महिन्याला ८ हजारांची एसआयपी. कर्ज ११ लाख बाकी, साडेआठ टक्के, ९ वर्षं. सासूबाई विचारतात, जर्मन शिकून शेवटी शिकवण्याच घेणार ना? – एक आई, धायरी

ताई, आधी १२ लाखांचं बोलू. मुलीला गोडी नाही, सीईटीने हात दिला नाही, तरी पैसे साठलेत म्हणून ते कोट्यात घालायचे, हे मला पटत नाही. इंजिनिअरिंग खरंच हवं असतं तर पुन्हा सीईटी द्या म्हटलं असतं. २०२४ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून लागतो. मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. म्हणजे महाग दारानेच आत जायचं, तेही मन नसताना.

आता यजमानांचा हिशेब. तो चुकीचा नाही, पण ‘बीए स्वस्त, म्हणून पैसे मोकळे झाले’ असं धरून केलेला आहे. भाषेच्या शिक्षणात कॉलेजची फी हा सगळ्यात लहान आकडा. खरा खर्च नंतर येतो, आणि येईलच असंही नाही.

भाषेच्या बाजारात पदवीपेक्षा पातळी विचारतात. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या. शाळेतलं जर्मन साधारण ए१-ए२ च्या आसपास असतं, त्यामुळे ते ९६ मार्क कौतुकाने फ्रेममध्ये ठेवा, हिशेबात धरू नका. बी१ म्हणजे रोजचं निभतं. बी२ ला हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांची दारं किलकिली होतात: जर्मन ग्राहकांचे फोन, बिलं, खरेदीचा पत्रव्यवहार. दुभाषी किंवा चांगली अनुवादक व्हायचं तर सी१ हवं. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन सांस्कृतिक केंद्रात, या परीक्षा होतात. बी१, बी२ चे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. दर वेळी फी भरावी लागते, ती धरून ठेवा.

सासूबाईंना सांगा, शिकवण्या घेतल्या तरी वाईट काय? पुण्यात कितीतरी शाळांत जर्मन, फ्रेंच, जपानी आहे. बीएड केलं तर शाळेतली नोकरी, संध्याकाळी क्लास, असं बेताचं पण सरळ उत्पन्न असतं. अनुवादाबद्दल मी इतकी खात्री देणार नाही. साधं पत्र, साधं माहितीपत्रक आता मशीन करतं, माणूस ते तपासतो, आणि तपासणीचा दर अनुवादापेक्षा कमीच. जिथे चूक महागात पडते तिथे माणूस अजून लागतो: करार, यंत्राची पुस्तिका, शॉपफ्लोअरवरचं बोलणं. चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, त्यांना सुटे भाग पुरवणारे आहेत. तुमचे यजमान भोसरीत वर्कशॉपला आहेत असं तुम्ही लिहिलंत. तिकडून पाहुणे येतात तेव्हा दुभाषी कोण येतो आणि दिवसाचे किती घेतो, हे त्यांनी अकाउंट्समध्ये विचारावं. माझ्या कुठल्याही आकड्यापेक्षा तो आकडा घरात जास्त चालेल.

नुसत्या भाषेवर मात्र राहू नका. सोबत दुसरं काहीतरी हवं: हिशेब, एक्सेल, लॉजिस्टिक्स, नाहीतर बारावीच्या फिजिक्सच्या जोरावर तांत्रिक शब्दांची सवय. बारावी सायन्स वाया गेलं असं समजू नका. ‘स्पिंडल’ म्हणजे काय हे माहीत असलेली जर्मनवाली कमी मिळते.

आता पैसे. एफडीतले ४ लाख गृहकर्जात भरा. एफडीचं व्याज करपात्र आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं, त्यामुळे इथे यजमान बरोबर आहेत. हप्ता तोच (साधारण १४,६००) ठेवून मुदत कमी करा असं बँकेला लेखी द्या, नाहीतर काही वेळा हप्ता कमी करून टाकतात. मुदत ९ वर्षांवरून जवळपास ५ वर येते, व्याजाचे ३ लाखांच्या पुढे वाचतात. कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं असेल तर आधी भरल्याचा दंड लागत नाही. उरलेल्या एफडीतले २ लाख फी, परीक्षा, लॅपटॉपला. २ लाख अडीअडचणीला, त्यांना हात लावायचा नाही.

फंडातले ६ लाख आणि एसआयपी जर्मनीतल्या मास्टर्ससाठी, जर ती गेली तर. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. युरो शंभरीच्या वर धरला तर १२ लाखांच्या पुढे. हे पैसे तिचेच, महिन्याला ९९२ युरो तिलाच मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. म्हणून सगळं गृहकर्जात ओतू नका. तीन वर्षांनी हात रिकामे असतील आणि मोठं कर्ज पुन्हा काढाल. फंड आणि एसआयपी धरून तीन वर्षांत ९ लाखांच्या आसपास होतील. बाकीच्यासाठी शैक्षणिक कर्ज. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. दुसऱ्या वर्षापासून इक्विटीतले पैसे हळूहळू सुरक्षित जागी हलवा, बाजार पडला म्हणून व्हिसा थांबत नाही.

एक अट मुलीला आजच सांगा, प्रेमाने पण स्पष्ट. पैसे वर्ष संपलं म्हणून सुटणार नाहीत, पातळी गाठली की सुटतील. एसवायच्या अखेरीस बी१, टीवायच्या अखेरीस बी२. बी२ झालं नाही तर मास्टर्सचे पैसे गृहकर्जात जातील, ती इथेच नोकरी शोधेल, आणि त्यात नामुष्की काही नाही. कॉलेजचं जर्मन या वेगाला पुरत नाही, म्हणून फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटचा (विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग) किंवा मॅक्स म्युलरचा एक कोर्स जोडीला ठेवा. धायरीहून बोट क्लब रोड रोज जमणार नाही हे मीही जाणते. आठवड्यातून दोन-तीन दिवसांची बॅच बघा.

एफडी कधी पिकते ते लिहिलं नाहीत. दोन-तीन महिन्यांत पिकत असेल तर मुदतीआधी मोडायचा दंड देऊ नका, तेवढं थांबा. वर्षभर लांब असेल तर आजच बँकेत जाऊन मोडण्याचा दंड आणि कर्जाचं वाचणारं व्याज, हे दोन्ही आकडे कागदावर मांडून घ्या.