प्रांताचा नकार पुरेसा का ठरला नाही?

प्रश्न : कॅनडात ब्रिटिश कोलंबियाचा विरोध असूनही ट्रान्स माउंटन तेलवाहिनीचा विस्तार कसा झाला? पर्यावरणाबाबत प्रांताला अधिकारच नाहीत का?

उत्तर : अल्बर्टातून येणारी ही वाहिनी प्रांताची सीमा ओलांडते आणि १८६७ च्या घटना कायद्यानुसार अशी कामे केंद्राच्या अखत्यारीत येतात, म्हणूनच जड तेलाच्या वाढीव वाहतुकीसाठी प्रांताचा परवाना सक्तीचा करणारी, प्रांताच्या पर्यावरण कायद्यातील प्रस्तावित दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एकमताने अमान्य केली. प्रांत स्वतःचे पर्यावरणीय मूल्यांकन करून अटी घालू शकतो, प्रकल्प रोखू मात्र शकत नाही. माझ्या मते अधिक परिणामकारक ठरला तो आदिवासी समुदायांचा न्यायालयीन लढा, कारण त्यांच्याशी पुरेशी सल्लामसलत झाली नाही आणि समुद्रातील टँकर-वाहतुकीचा विचार मूल्यांकनातून वगळला गेला, या कारणांवरून संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये केंद्राची मंजुरीच रद्द केली होती. २०१९ मध्ये ती नव्याने द्यावी लागली.