कानात शिट्टी वाजतेय, पुढच्या वेळी कुठे उभी राहू?

प्रश्न: ताई, परवा शहरातल्या फुकट ओपन-एअर इंडी रॉक फेस्टिव्हलला गेले होते, पहिल्यांदाच. लवकर जाऊन स्टेजच्या अगदी पुढे, स्पीकरसमोर जागा पकडली. पण गाण्याचे शब्दच कळेनात, नुसता धडधडाट, आणि रात्रभर कानात शिट्टी. पुढच्या वर्षी जाऊ की नको?

उत्तर: अगं जा, नक्की जा! तिकीट नसल्यामुळे नाव न ऐकलेल्या बँडसमोरही माणूस उभा राहतो, मला तर माझे निम्मे आवडते बँड असेच सापडलेत. न्यूयॉर्कला कोनी आयलंडवर २००१ ते २०१० दरवर्षी सायरन फेस्टिव्हल असाच फुकट व्हायचा.

फक्त जागा बदल. मुख्य स्पीकर बहुतेक वर टांगलेले असतात, गायकाचा आवाज तिथून येतो आणि पुढच्यांच्या डोक्यावरून मागे जातो, तुझ्या वाट्याला आले खाली ठेवलेले बेसचे स्पीकर आणि स्टेजवरचे ड्रम, मग शब्द कसे कळणार? मैदानात मधोमध साउंड इंजिनिअरचं मिक्सर असतं ना, त्याच्या आसपास उभी राहा, तो स्वतः तिथे ऐकूनच आवाज जुळवत असतो.

आणि कानाची शिट्टी हलक्यात घेऊ नकोस गं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने कामाच्या जागेसाठी मर्यादा सुचवलीय, ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि स्पीकरसमोर १०० सहज होतात. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. मीही एकदा अशीच उभी होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे कापूस घातल्यासारखे लांबून बोलत होते, फार घाबरले होते.

तेव्हापासून खिशात इअरप्लग असतातच. फोमचे असतील तर बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेव, नुसते टेकवले तर उपयोग नाही. फोमने वरचे सूर जरा दबतात, म्हणून म्युझिशियन्सचे वेगळे प्लग मिळतात ते घे, सगळे सूर सारखेच कमी होतात, गाणं गाणंच राहतं.

शिट्टी अजून वाजत असेल तर मात्र वाट बघू नकोस, उद्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.