मॅरियन हॅमर 'नको' म्हणाल्या की फ्लोरिडाचे आमदार का बिचकायचे?

टॅम्पाला येऊन चारच महिने झालेत आणि थेट या विषयाला हात घातलात, म्हणजे शेजार बोलका दिसतोय. तुमचा प्रश्न असा, की पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये फ्लोरिडाने जो बंदूक कायदा केला, त्याला मॅरियन हॅमर नावाच्या लॉबिस्ट, म्हणजे संघटनेच्या वतीने आमदारांचं मन वळवण्याचं काम करणाऱ्या, बाईंनी उघड विरोध केला. ना आमदार, ना मंत्री. मग आमदार त्यांना एवढे वचकून का असायचे, आतून काही देणंघेणं चालतं का, आणि एवढा दरारा होता तर तो कायदा झालाच कसा?

मी टॅलाहासीत, म्हणजे फ्लोरिडाच्या राजधानीत, वीसेक वर्षं आहे. त्यातली बरीचशी राज्य सरकारच्या कॉम्प्युटरची कामं करण्यात गेली. विधिमंडळाची ती बावीस मजली इमारत जेवणाच्या सुट्टीत चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे थोडं पाहिलेलं, बाकी इथल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचलेलं सांगतो.

आधी देण्याघेण्याचं. लॉबिस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाकीट येतं. इथे २००५ मध्ये झालेल्या कायद्यापासून लॉबिस्टने आमदाराला साधी कॉफीसुद्धा पाजायची नाही. लॉबिस्टची रीतसर नोंदणी होते, कोणाची बाजू मांडतो ते लिहून द्यावं लागतं. निवडणूक निधीचं दार उघडं आहेच, ते महाभारत वेगळं. पण हॅमरबाईंचा वचक पैशाचा नव्हता. तो यादीचा होता.

यादी म्हणजे बंदूकधारक सभासदांची. हॅमरबाई १९७० च्या दशकापासून युनिफाइड स्पोर्ट्समेन ऑफ फ्लोरिडा ही संघटना चालवत होत्या आणि नॅशनल रायफल असोसिएशनच्या, म्हणजे एनआरएच्या, फ्लोरिडातल्या प्रतिनिधी होत्या. १९९५ ते १९९८ त्या एनआरएच्या अध्यक्षही होत्या, त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. उंची पाच फुटांच्या आतली. एखादं विधेयक समितीपुढे आलं की त्यांची मेल सुटायची. विधेयकाचा क्रमांक, ते तुमच्या हक्कांवर कसं उठलंय याचा खरमरीत मजकूर, समितीतल्या आमदारांची नावं आणि पत्ते, आणि आजच्या आज कळवा. मग आमदारांच्या कचेऱ्यांत मेलचा पाऊस. लिहिणारे सगळे मतदार, आणि त्यातही असे मतदार की जे प्रत्येक मतदानाला जातात.

इथे फ्लोरिडाची एक खोच समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. इथली प्राथमिक निवडणूक बंदिस्त असते, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला फक्त त्या पक्षाचे म्हणून नोंदवलेले मतदार जातात. ती होते ऑगस्टच्या उकाड्यात. फार थोडे लोक घराबाहेर पडतात. आणि बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले असल्यामुळे खरा निकाल ऑगस्टमध्येच लागतो, नोव्हेंबरात नुसती औपचारिकता. अशा निवडणुकीत दोन-तीन हजार चिडलेली, पण न चुकता येणारी माणसं आमदार पाडू शकतात. शिवाय एनआरए प्रत्येकाला शाळेसारखी ग्रेड देते. ए प्लसवरून सी वर घसरलात की ते पत्रकावर छापून घरोघर जाणार.

दुसरं म्हणजे आमदारांची मुदत. सलग आठ वर्षं झाली की आमदाराला ती जागा सोडावी लागते, आणि नियमित अधिवेशन वर्षातून साठ दिवसांचं. नवा आमदार जागेवर रुळेपर्यंत निघायची वेळ होते. हॅमरबाई मात्र चाळीस वर्षं तिथेच. कोणी २००४ मध्ये काय मत दिलं, कोणी समितीत कशी पळवाट काढली, सगळं त्यांच्या डोक्यात. गावात तलाठी बदलत राहतात आणि एखादा जुना कोतवाल सगळे बांध ओळखून असतो, तसं.

या वचकातून उभं काय राहिलं ते पाहा. १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे असा कायदा झाला, तो पुढे कितीतरी राज्यांनी उचलला. २००५ मध्ये 'स्टँड युअर ग्राउंड', म्हणजे जिवाला धोका वाटला तर मागे हटायची सक्ती नाही. २०११ मध्ये शहरांनी आणि काउंटींनी, म्हणजे इथल्या जिल्ह्यांनी, स्वतःचे बंदूक नियम केले तर त्यांच्या पदाधिकाऱ्यांना पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि गव्हर्नरकडून पदावरून हकालपट्टी. सनशाइन स्टेटला (हे फ्लोरिडाचं टोपणनाव) लोक 'गनशाइन स्टेट' म्हणू लागले ते उगाच नाही.

माझ्या सख्ख्या काकांकडे साताऱ्याजवळ बाराबोअर होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरांसाठी. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, आणि निकालानंतर हेलपाटे घालून सोडवून आणायची. काकू ती पावती पंचांगात घालून ठेवायच्या. हे इथल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर त्याला ते खरंच वाटेना. फ्लोरिडात बंदूक घरात ठेवायला परवाना लागतच नाही. लपवून बाळगायचा जो परवाना, तो देतं कृषी आणि ग्राहक सेवा खातं. हो, संत्र्याच्या बागांचंच खातं! आणि कोणाकडे कोणती बंदूक आहे याची यादी सरकारने करायची नाही, असा उलट कायदा आहे.

२०११ चीच आणखी एक गोष्ट, कारण ती मी जवळून पाहिली. घरात बंदूक आहे का, हे डॉक्टरांनी रुग्णाला विनाकारण विचारायचं नाही असं विधेयक आलं होतं. माझा एक मराठी मित्र इथे बालरोगतज्ज्ञ. बाळाच्या तपासणीला आलेल्या आईबापांना तो एका दमात विचारायचा, "घरात पोहण्याचा तलाव आहे का? कुंपण आहे? सायकलचं हेल्मेट? बंदूक आहे का, असेल तर कुलपात असते ना?" तो समितीपुढे बोलायला गेला, सोबत मी. दाराशी एक कार्ड भरायचं: नाव, पत्ता, कोणाच्या वतीने, बाजूने की विरोधात. त्याने रात्रभर जागून तीन पानं लिहून आणली होती. त्याचा नंबर येईपर्यंत वेळ संपत आली आणि अध्यक्षांनी प्रत्येकाला एकच मिनिट दिला. बिचारा तलावापर्यंतच पोचला. त्याच्यानंतर ज्यांची नावं पुकारली त्यांतले कित्येक जण जागेवरूनच "बोलायचं नाही, पण पाठिंबा नोंदवा" एवढंच म्हणत होते. नोंदीत मात्र त्याचं मिनिट आणि त्यांचं वाक्य सारखंच. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "मी भाषण घेऊन आलो होतो, ते माणसं घेऊन आले होते."

विधेयक मंजूर झालं. पुढे २०१७ मध्ये अकराव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने डॉक्टरांच्या बोलण्यावरची ही बंदी भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. मित्र पुन्हा मोकळेपणाने विचारायला लागला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. उघड विरोध कशासाठी? जे विधेयक पडणारच आहे त्याला जाहीर विरोध करायची गरज काय, आणि जे मंजूरच होणार आहे त्याला करून उपयोग काय? माझं मत असं, की हॅमरबाईंचा जाहीर विरोध समोरच्या विधेयकासाठी कमी आणि पुढच्या विधेयकासाठी जास्त असायचा. चार्ल्स मॅकबर्नी यांचं उदाहरण घ्या. जॅक्सनव्हिलचे रिपब्लिकन आमदार, हाउसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाच्या, न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. स्टँड युअर ग्राउंडमध्ये स्वसंरक्षणाचा दावा लागू होत नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारी वकिलावर टाकणारं विधेयक त्यांनी समितीत घ्यायचं नाकारलं. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्यांनी न्यायाधीशपदासाठी अर्ज केला. हॅमरबाईंनी सभासदांना सांगितलं, गव्हर्नरला कळवा, हा माणूस नको. मेल गेल्या आणि गव्हर्नर रिक स्कॉट यांनी दुसऱ्याला नेमलं. नेमणूक मेलमुळेच हुकली असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तसं वाटणं पुरेसं होतं. पुढच्या वर्षी ते विधेयक मंजूर झालं.

तरी त्या प्रत्येक वेळी जिंकल्या असं समजू नका. उघडपणे कंबरेला पिस्तूल लावून फिरण्याची मुभा त्यांना कित्येक अधिवेशनं मागूनही विधिमंडळाकडून मिळाली नाही. सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडायचं, आणि शेरीफांच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखांच्या, संघटनेचाही विरोध असायचा.

२०१८. पार्कलँडचा गोळीबार १४ फेब्रुवारीचा, सतरा जण गेले. त्या वर्षी अधिवेशन जानेवारीत सुरू झालेलं आणि ९ मार्चला संपायचं होतं. म्हणजे आमदार त्या क्षणी टॅलाहासीतच होते, घरी जाऊन विषय थंड होऊ द्यायला वेळच नव्हता. आठवड्याच्या आत त्या शाळेची मुलं बस करून इथे आली. २० फेब्रुवारीला काही जण प्रेक्षक सज्जात बसलेली असताना हाउसने असॉल्ट रायफलींवरच्या बंदीचं विधेयक चर्चेला घ्यायचा प्रस्ताव ३६ विरुद्ध ७१ मतांनी फेटाळला. रडणाऱ्या मुलींचे फोटो देशभर गेले. मला वाटतं आमदारांना त्या फोटोंनी जेवढं हलवलं तेवढं कुठल्याच मेलने नाही.

मग जे विधेयक आलं त्यात रायफल विकत घ्यायचं वय अठरावरून एकवीस, तीन दिवसांची प्रतीक्षा, बंप स्टॉकवर (रायफलीतून झपाट्याने गोळ्या झाडायला लावायचा जोड) बंदी, आणि धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडून न्यायालयाच्या हुकुमाने शस्त्र काढून घेण्याची सोय. जोडीला मानसिक आरोग्य, शाळांची सुरक्षा, आणि शाळेतल्या काही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन सशस्त्र करण्याची योजना. ही शेवटची योजना अनेक डेमोक्रॅटांना नको होती, वयाची अट अनेक रिपब्लिकनांना नको होती. दोन्ही पक्ष फुटले. सेनेटमध्ये २० विरुद्ध १८, हाउसमध्ये ६७ विरुद्ध ५०.

हॅमरबाईंनी शाळांच्या सुरक्षेला हरकत घेतली नाही, वयाची अट आणि प्रतीक्षा यांवर मात्र तुटून पडल्या. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा की अठराव्या वर्षी मत देता येतं, सैन्यात जाता येतं, मग एका माथेफिरूपायी सगळ्या कायदा पाळणाऱ्या तरुणांना शिक्षा का? तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फक्त त्यात एक गोष्ट झाकली जाते: कायदा खरेदीवर बंदी घालतो, बाळगण्यावर नाही. बापाने एकोणीस वर्षांच्या मुलाला शिकारीची रायफल भेट दिली तर चालते. आणि परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला एकवीस वर्षांची अट फेडरल कायद्यात कितीतरी आधीपासून आहे.

एनआरएची ए प्लस मिरवणाऱ्या रिक स्कॉट यांनी ९ मार्चला सही केली. त्याच दिवशी एनआरएने फेडरल कोर्टात दावा ठोकला. पुढे त्यात सामील होऊ पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एका मुलीचं नाव गुप्त ठेवायचं म्हणून अर्ज झाला, आणि पुरावा म्हणून हॅमरबाईंनी स्वतःला आलेल्या शिवीगाळीच्या मेल जोडल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत मेल पाडणाऱ्या बाईंच्या पेटीत आता उलटा पाऊस पडला होता. अर्थात त्यांच्या सभासदांच्या तक्रारी वेगळ्या आणि या घाणेरड्या शिव्या वेगळ्या. न्यायाधीश मार्क वॉकर यांनी मेल किती गलिच्छ आहेत ते मान्य केलं, पण नाव गुप्त ठेवायला नकार दिला.

दावा सात वर्षं चालला. १४ मार्च २०२५ ला अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ८ विरुद्ध ४ मतांनी वयाची अट वैध ठरवली. आणि गंमत बघा, राज्याच्याच ॲटर्नी जनरलनी जाहीर केलं की हे सुप्रीम कोर्टात गेलं तर मी या कायद्याचा बचाव करणार नाही.

हॅमरबाई २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. २०२३ मध्ये परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगायची मुभा देणारा कायदा झाला, तोही त्या नसताना. वय पुन्हा अठरा करायचं विधेयक हाउसने २०२३, २०२४ आणि २०२५ असं लागोपाठ तीनदा मंजूर केलं. सेनेटने तिन्ही वेळा हातही लावला नाही. २०१८ ला सही-शिक्का झालेला कायदा आजही दरवर्षी अधिवेशनात नव्याने लढावा लागतोय, तो असा.

शेवटी तुम्ही विचारलंय की आम्ही एच-वन व्हिसावाले, आम्हाला यात बोलता येतं का. मत देता येत नाही, निवडणुकीसाठी देणगी देण्याच्या भानगडीतही पडू नका. पण समितीच्या दाराशी ते कार्ड भरताना नागरिकत्व कोणी विचारत नाही. बाजूने असा की विरोधात, टॅम्पाहून निघताना गाडीत आणखी चौघांना घ्या, आणि बोलणं एका मिनिटाचंच तयार करा. माझ्या मित्राची ती तीन पानं अजून त्याच्या गाडीच्या कप्प्यात पडलेली आहेत.